ख्रिस्ती मंडळीतील दुर्बल व दुर्लक्षित घटकांचा सन्मान : करिंथ ते केडगाव

गोषवारा

कोणत्याही धर्मसमूहाची तात्त्विक भूमिका आणि त्याचे प्रत्यक्ष सामाजिक वर्तन यांतील अंतर त्या समूहातील सर्वांत दुर्बल घटकाच्या स्थितीवरून ध्यानात येते. ख्रिस्ती परंपरेत मंडळीला 'शरीर' मानले गेले असून दुर्बल वाटणाऱ्या अवयवांना अधिक मान देण्याचा विचार नव्या करारातील करिंथकरांस पहिल्या पत्रात मांडलेला आहे. प्रस्तुत लेखात या विचाराची सामाजिक पार्श्वभूमी, त्याचा नेमका आशय, आरंभीच्या मंडळीने त्यासाठी उभारलेली व्यवस्था आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात त्याचे उमटलेले पडसाद यांचे विवेचन केले आहे. दुर्बलांविषयी दया आणि दुर्बलांचे सभासदत्व या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या लेखाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे.

बीजशब्द : मंडळी, शरीराचे रूपक, प्रभुभोजन, जातिभेद, मुक्ती मिशन, अपंगत्व, सभासदत्व

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती समाजात 'चर्च' या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. एक म्हणजे उपासनेची इमारत आणि दुसरा म्हणजे तेथे एकत्र येणारा समुदाय. या दुसऱ्या अर्थासाठी 'मंडळी' हा शब्द मराठी बायबलने स्वीकारला. मराठीच्या व्यवहारात 'घरची मंडळी', 'जेवायला बसलेली मंडळी' असे आपण सहज म्हणतो. या शब्दात एकत्र असण्याचा, एका पंगतीत बसण्याचा भाव आहे. ख्रिस्ती समूहाच्या जीवनात दुर्बलांच्या सन्मानाचा प्रश्न प्रथम ज्या प्रसंगी तीव्रतेने उपस्थित झाला तो प्रसंगही पंगतीचाच होता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

'दुर्बल' हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. आर्थिकदृष्ट्या विपन्न, सामाजिकदृष्ट्या हीन लेखलेले, शारीरिक वा मानसिक व्याधीने ग्रस्त, वृद्ध, विधवा, परित्यक्ता, तसेच समूहात असूनही ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही अशा सर्वांचा त्यात समावेश होतो. यांपैकी शेवटचा घटक विशेष महत्त्वाचा आहे. गरिबाला मदत मिळते, आजाऱ्याला भेट दिली जाते. परंतु जो नियमितपणे येतो, मागच्या बाकावर बसतो आणि निघून जातो, त्याच्या अनुपस्थितीचीही नोंद होत नाही. अशा व्यक्तीचे मंडळीतील स्थान काय, हा प्रश्न धर्मशास्त्राइतकाच समाजशास्त्राचाही आहे.

करिंथ : नगर आणि मंडळी

करिंथ हे प्राचीन ग्रीक नगर इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमन सैन्याने उद्ध्वस्त केले. सुमारे शंभर वर्षांनी, इ. स. पूर्व ४४ मध्ये, जूलियस सीझरच्या निर्णयानुसार तेथे रोमन वसाहत स्थापन झाली. नव्या वसाहतकारांत दास्यमुक्त झालेल्यांचा भरणा मोठा होता. दोन समुद्रांमधील चिंचोळ्या भूपट्टीवर वसलेल्या या नगराला दोन बंदरे होती आणि व्यापारामुळे तेथे संपत्ती वेगाने वाढली. पिढीजात सरदारवर्ग फारसा नसलेल्या या समाजात पैसा, वक्तृत्व, आश्रयदात्याची ओळख आणि सार्वजनिक मान्यता यांवर व्यक्तीची प्रतिष्ठा ठरत असे. अशा नगरात 'मान' हे एक प्रकारचे चलन बनते.

प्रेषित पौल या नगरात सुमारे दीड वर्ष राहिल्याचे 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात नमूद आहे. त्या काळात गल्लियो हा त्या प्रांताचा अधिकारी होता. देल्फी येथे सापडलेल्या शिलालेखाच्या आधारे गल्लियोचा कार्यकाळ इ. स. ५१-५२ च्या सुमारास निश्चित करता येतो. त्यामुळे करिंथमधील मंडळीचा काळ ठरविण्यास भक्कम आधार मिळाला आहे. त्यानंतर काही वर्षांतच पौलाने इफिस येथून या मंडळीला पत्र लिहिले. तेच 'करिंथकरांस पहिले पत्र' होय.

मंडळीत सुशिक्षित, सत्ताधारी व कुलीन असे फारसे कोणी नव्हते, असे पौल या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगतो. 'फारसे नव्हते' याचा अर्थ थोडे होते, असाही होतो. गेर्ड थाइसेन या जर्मन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केलेल्या समाजशास्त्रीय अभ्यासात नेमक्या या गोष्टीकडे लक्ष वेधले. बहुसंख्य सभासद निम्न स्तरातील आणि मोजके सभासद संपन्न; ज्यांच्या घरी मंडळी जमते ते हेच संपन्न सभासद. या विषम रचनेतून मंडळीतील अनेक संघर्ष उद्भवले असावेत, असे त्याचे प्रतिपादन आहे.

पंगतीतील भेद

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीला स्वतंत्र इमारती नव्हत्या. सभासद एखाद्याच्या घरी जमत आणि प्रभुभोजनाचा विधी प्रत्यक्ष जेवणाशी जोडलेला असे. करिंथमध्ये या जेवणात काय घडत होते, हे पत्राच्या अकराव्या अध्यायावरून समजते. काही जण आपले अन्न आधीच खाऊन घेत. परिणामी एक उपाशी राही, तर दुसरा मद्यपानाने धुंद होई. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजविता काय, असा प्रश्न पौलाने विचारला आहे.

हा प्रकार केवळ अधाशीपणाचा नव्हता. रोमन संपन्न घरांतील भोजनगृह लहान असे. तेथे साधारणतः नऊ माणसे पहुडून जेवू शकत. उरलेल्यांची सोय बाहेरच्या चौकात होई. शिवाय पाहुण्याच्या दर्जानुसार अन्न व पेय वेगवेगळे देण्याची चाल रोमन समाजात प्रचलित होती आणि तत्कालीन रोमन लेखकांनीही तिच्यावर टीका केली आहे. श्रीमंतांना दुपारनंतर मोकळा वेळ असे. गुलाम व मजूर काम संपल्यावरच येऊ शकत. ते पोहोचेपर्यंत आतले जेवण आटोपलेले असे. कोणीही मुद्दाम कोणाचा अपमान करीत नव्हते. नगराची रीत होती तीच घरात आणि घराची रीत होती तीच मंडळीत चालू राहिली, इतकेच. दुर्लक्ष बहुधा असेच घडते. त्यासाठी दुष्ट हेतूची आवश्यकता नसते. प्रचलित सोय पुरेशी असते.

पौलाने यावर सुचविलेला उपाय वरकरणी अगदी साधा आहे. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, असे तो सांगतो. मूळ ग्रीक क्रियापदाचा 'एकमेकांचे स्वागत करा' असाही अर्थ काही अभ्यासक करतात. दोन्ही अर्थांनी परिणाम एकच होतो. जो शेवटी येतो त्याच्या वेळेनुसार समूहाचे वेळापत्रक ठरू लागते. दुर्बलांचा सन्मान ही येथे भावना राहत नाही. ती वेळ, जागा व अन्न यांच्या वाटपाची पद्धत बनते.

शरीराचे रूपक : जुने आणि नवे

याच पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीराचे प्रसिद्ध रूपक येते. समाजाला शरीराची उपमा देणे ही काही पौलाची नवी कल्पना नव्हती. रोमन इतिहासकार लिव्ही याने मेनेनिअस अग्रिप्पा याची कथा सांगितली आहे. परंपरेनुसार इ. स. पूर्व ४९४ मध्ये रोममधील सामान्य जनांनी नगर सोडून असहकार पुकारला. तेव्हा अग्रिप्पाने त्यांना हात, तोंड व दात यांनी पोटाविरुद्ध केलेल्या बंडाची गोष्ट सांगितली. पोट आळशी दिसते, परंतु तेच सर्वांना पोसते. म्हणून अवयवांनी आपले काम मुकाट्याने करावे, असे त्या कथेचे तात्पर्य होते. अर्थात शरीराची उपमा तेथे उच्च वर्गाची सत्ता टिकविण्यासाठी उपयोगात आणली गेली.

भारतीय वाचकाला या ठिकाणी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्ताचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. विराट पुरुषाचे मुख, बाहू, मांड्या व पाय यांच्याशी चार वर्णांचा संबंध तेथे जोडलेला आहे. त्या सूक्ताच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी पुढील काळात वर्णांची उतरंड समर्थनीय ठरविण्यासाठी त्याचा आधार घेतला गेला, हे इतिहासाने दाखविले आहे. रोममध्ये काय किंवा भारतात काय, शरीराचे रूपक बहुधा वरून खाली वाचले गेले.

पौलाने हेच रूपक घेतले, पण त्याची दिशा बदलली. त्याच्या मांडणीतील पुढील मुद्दे ध्यानात घेण्यासारखे आहेत.

१) पौल प्रथम पायाची आणि कानाची बाजू मांडतो. मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही, असे पायाला वाटते. स्वतःला कमी लेखून समूहातून मनाने बाहेर पडणाऱ्या सभासदाचे हे चित्र आहे. दुर्लक्षाचा पहिला परिणाम असा आत्मबहिष्कार असतो. त्याला उत्तर म्हणून, तुला तसे वाटले तरी तुझे शरीरातील स्थान नष्ट होत नाही, असे पौल सांगतो.

२) त्यानंतर तो डोळ्याकडे आणि डोक्याकडे वळतो. डोळा हाताला किंवा डोके पायांना, तुमची गरज नाही, असे म्हणू शकत नाही. दुर्बलांना केवळ सांत्वनाचा उपदेश करून पौल थांबत नाही. प्रबळांच्या स्वयंपूर्णतेच्या भ्रमावरही तो बोट ठेवतो.

३) दुर्बल अवयवांविषयी लिहिताना पौल 'दुर्बल दिसणारे' अशा अर्थाची शब्दयोजना करतो. दुर्बलता ही येथे अवयवाच्या स्वभावापेक्षा पाहणाऱ्याच्या दृष्टीत अधिक आहे. असे अवयव 'आवश्यक' आहेत, हे त्याचे विधान आहे. ते सहन करावेत किंवा सांभाळावेत, इतकेच तो म्हणत नाही. त्यांच्याविना शरीर चालणार नाही, असा त्याचा आशय आहे.

४) ज्याला मान कमी त्याला देवाने अधिक मान दिला आहे, असे सांगून पौल मानाच्या वाटपाचा नियमच उलटा करतो. करिंथसारख्या प्रतिष्ठालोलुप नगरात हे विधान धाडसाचे होते.

५) एका अवयवाला दुःख झाले तर सर्वांना दुःख होते आणि एकाचा गौरव झाला तर सर्वांना आनंद होतो, या विचाराने रूपकाची परिणती होते. दुःखात सहभागी होणे तुलनेने सोपे असते. दुर्बलाचा गौरव झाल्यावर आनंद वाटणे अधिक कठीण. म्हणून या विधानाचा उत्तरार्ध ही खरी कसोटी म्हणावी लागेल.

दुर्लक्षावर व्यवस्थेचा उपाय

दुर्बलांकडे दुर्लक्ष झाल्याची सर्वांत जुनी ज्ञात घटना करिंथची नाही. ती यरुशलेमची आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायानुसार तेथील मंडळीत विधवांना रोज अन्नवाटप होत असे. ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूदी गटातील विधवांची त्या वाटपात उपेक्षा होऊ लागली आणि त्या गटाने कुरकुर केली. भाषा, स्थलांतर, वैधव्य आणि दारिद्र्य अशी चौपदरी दुर्बलता या स्त्रियांच्या वाट्याला आली होती.

प्रेषितांनी या तक्रारीला बंडखोरी मानले नाही, हे येथे महत्त्वाचे आहे. सर्व मंडळी बोलावून त्यांनी सात जणांची निवड करण्यास सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे (स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव) ग्रीक आहेत. केवळ नावावरून मूळ सिद्ध होत नाही. तथापि ज्या गटावर अन्याय झाला त्याच गटाच्या हाती वाटपाचा अधिकार सोपविला गेला असावा, असे मानण्यास यातून आधार मिळतो. तक्रार ऐकली, तिची सत्यता मान्य केली, अधिकाराची फेरमांडणी केली आणि ती सर्वांसमोर केली, असे या घटनेचे चार टप्पे दिसतात. आधुनिक व्यवस्थापनशास्त्राला तक्रारनिवारणाचा याहून फारसा वेगळा क्रम सांगता येणार नाही.

याकोबाच्या पत्रातही सभेत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आणि मळकट वस्त्रांतील गरीब मनुष्य आल्यास त्यांना कोठे बसवावे, असा थेट बैठकीचा प्रश्न चर्चिलेला आहे. नव्या कराराच्या लेखकांना दुर्बलांचा सन्मान अशा अगदी लहान, दृश्य गोष्टींत शोधावासा वाटला, हे यावरून स्पष्ट होते.

भारतातील कसोटी : जात

भारतात ख्रिस्ती मंडळीपुढे हा प्रश्न जातीच्या रूपाने उभा राहिला. दक्षिण भारतातील काही मंडळ्यांत उच्चजातीय ख्रिस्ती आणि तथाकथित अस्पृश्य ख्रिस्ती वेगळे बसत व प्रभुभोजनही वेगळे घेत. कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ मध्ये परिपत्रक काढून जातिभेद पूर्णतः सोडण्याचा आदेश दिला. १८५० मध्ये मद्रास मिशनरी परिषदेनेही तशीच भूमिका घेतली. याचा काही ठिकाणी तीव्र विरोध झाला आणि काही कुटुंबांनी मंडळी सोडली. करिंथमधील पंगतीचा प्रश्न अठरा शतकांनंतर तंजावर, मद्रास या भागांत पुन्हा उपस्थित झाला, असे म्हणता येईल.

महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले. अहमदनगर परिसरातील ग्रामीण मंडळ्यांत महार व मांग समाजातून आलेल्यांची संख्या मोठी होती. ब्राह्मण व अन्य उच्च जातींतून आलेले मोजके होते. तरीही मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासात प्रामुख्याने नोंदली जाणारी नावे या मोजक्या व्यक्तींचीच आहेत. बाबा पदमनजी, रेव्हरंड नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई यांचे कर्तृत्व वादातीत आहे. परंतु ज्या ग्रामीण सभासदांनी गावकीतील रोष पत्करून मंडळ्या टिकविल्या, त्यांची नावे चर्चच्या नोंदवह्यांबाहेर क्वचितच आली. इतिहासलेखनातही मंडळीचे काही अवयव दृश्य आणि काही अदृश्य राहिले.

लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' हे १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र या दृष्टीने मोलाचे आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये. मधल्या काळात सोवळ्या-ओवळ्याचे संस्कार त्यांच्या मनातून कसे हळूहळू गळून पडले, याचे त्यांनी प्रांजळ व विनोदी वर्णन केले आहे. बाप्तिस्मा एका दिवसात होतो. परंतु पाण्याच्या भांड्याविषयीचा संकोच जाण्यास वर्षे लागतात, हे सत्य त्यांच्या लेखनातून स्पष्ट होते.

जातीचा प्रश्न आजही संपलेला नाही. गोव्यातील काही गावांत चर्चच्या सणांचे मान आणि भ्रातृमंडळांचे सभासदत्व परंपरेने जातीशी निगडित राहिले. तमिळनाडूत काही ठिकाणी स्वतंत्र दफनभूमी होत्या. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००३ मध्ये तमिळनाडूच्या बिशपांसमोर बोलताना जातीय पूर्वग्रहांचा स्पष्ट निषेध केला. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध करून चर्चमध्ये भेदभाव अस्तित्वात असल्याचे मान्य केले. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल झाले.

या प्रश्नाला एक कायदेशीर पैलूही आहे. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लिम दलितांचा झाला नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये दिलेल्या अहवालात धर्माची अट काढण्याची शिफारस केली आणि २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमण्यात आला. येथे चर्चपुढे एक नैतिक पेच उभा राहतो. धर्मांतरानंतरही जातीचा जाच संपत नाही, असे शासनापुढे मांडावयाचे असेल, तर तो जाच मंडळीच्या आतही आहे, हे प्रथम मान्य करावे लागते. बाहेर न्याय मागण्यासाठी आत कबुलीजबाब आवश्यक ठरतो.

केडगाव : दुर्बलांकडून उभी राहिलेली मंडळी

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या केडगाव येथील मुक्ती मिशनचा विचार समाजसेवेची संस्था म्हणून वारंवार झाला आहे. मंडळी म्हणून तिचा विचार तुलनेने कमी झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापन करून रमाबाईंनी विधवांच्या शिक्षणास आरंभ केला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली व स्त्रिया यांना आश्रय दिला आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथील रहिवाशांची संख्या हजारावर गेली होती. दुष्काळग्रस्त, विधवा, फसविल्या गेलेल्या स्त्रिया, वृद्धा, अनाथ मुले आणि अंध व्यक्ती यांच्यासाठी तेथे स्वतंत्र व्यवस्था होती.

मुक्तीचे वैशिष्ट्य या यादीत नाही. या व्यक्तींना तेथे काय करता आले, यात आहे. शेती, विणकाम, दुग्धव्यवसाय, छपाई अशी कामे स्त्रियाच करीत. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्यात येई. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. सामान्य, अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशी सुबोध भाषा वापरण्यावर त्यांचा कटाक्ष होता. या ग्रंथाचे खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतील स्त्रियांनी केले आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. समाजाने ज्यांना निरुपयोगी ठरविले होते, त्यांच्या हातांनी मंडळीचा धर्मग्रंथ सिद्ध झाला. दुर्बल वाटणारे अवयव 'आवश्यक' असतात, या विधानाचे याहून मूर्त उदाहरण मराठी ख्रिस्ती इतिहासात क्वचितच सापडेल.

रमाबाईंचा स्वतःचा अनुभवही या विषयाशी निगडित आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी कल्पना पुढे आली, तेव्हा भारतातील इंग्रज बिशपांनी तिला हरकत घेतली. पुरुषांना शिकविल्याने भारतात त्यांच्याविषयी गैरसमज होईल, असे कारण देण्यात आले. आपल्याला न विचारता आपल्या हिताचा निर्णय इतरांनी घ्यावा, हे रमाबाईंना मान्य झाले नाही. त्यांनी ठामपणे निषेध नोंदविला. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पत्रव्यवहारातून हा संघर्ष तपशिलाने समजतो. प्रेम होते, आश्रय होता, काळजीही होती. परंतु निर्णयात सहभाग नव्हता. दया आणि सन्मान यांतील भेद येथे उघड होतो.

महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेलाही हा भेद अपरिचित नाही. संत चोखामेळ्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारी आहे आणि वारकरी तिच्यापुढे नतमस्तक होतात. तथापि चोखोबांच्या समाजाला मंदिराचे द्वार उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. गौरव उंबरठ्याबाहेरही करता येतो; सभासदत्व मात्र उंबरठ्याच्या आतच सिद्ध होते. ही गोष्ट मंदिराइतकीच चर्चलाही लागू पडते.

अपंगत्व आणि मंडळी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अपंग व्यक्तींच्या मंडळीतील स्थानाविषयी गंभीर विचार सुरू झाला. नॅन्सी आइसलँड या अमेरिकन विदुषीने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातापायांवरील जखमांच्या खुणा कायम राहिल्या, या कथाभागाकडे लक्ष वेधून अपंगत्व हे अपूर्णतेचे चिन्ह मानण्यास आक्षेप घेतला. त्या स्वतः जन्मतः अपंगत्व असलेल्या होत्या. २००३ मध्ये जागतिक चर्च परिषदेने या विषयावर निवेदन स्वीकारले. अपंग व्यक्ती चर्चच्या सेवेचा केवळ विषय नसून त्या चर्चच्या घटक आहेत, असा त्याचा रोख होता.

या संदर्भात एका सावधगिरीचा उल्लेख आवश्यक आहे. जाँ व्हानिए यांनी १९६४ मध्ये फ्रान्समध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसोबत सहजीवनाची चळवळ सुरू केली आणि तिच्या शाखा भारतासह अनेक देशांत पसरल्या. दुर्बलांच्या सन्मानाचा आदर्श म्हणून त्यांचा जगभर गौरव झाला. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर संस्थेनेच करविलेल्या चौकशीतून २०२० मध्ये त्यांनी सहा स्त्रियांचे शोषण केल्याचे निष्पन्न झाले. २०२३ च्या विस्तृत अहवालात अशा स्त्रियांची संख्या किमान पंचवीस असल्याचे नमूद झाले. या स्त्रिया अपंग नव्हत्या, परंतु आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नात्याने त्यांच्यावर अधिकार गाजविण्यात आला होता. दुर्बलतेचा गौरव करणारी भाषा स्वतः दुर्बलांचे रक्षण करू शकत नाही. त्यासाठी प्रश्न विचारण्याची मुभा, तक्रारीची यंत्रणा आणि नेतृत्वाचे उत्तरदायित्व हवे असते. संस्थेने स्वतःच्या संस्थापकाची चौकशी करून ती जाहीर केली, हे यरुशलेमच्या मंडळीने दाखविलेल्या मार्गाशी सुसंगत आहे.

सन्मानाचे निकष

वरील विवेचनाच्या आधारे एखाद्या मंडळीत दुर्बल घटकांचा सन्मान होतो किंवा नाही, हे तपासण्यासाठी पुढील निकष मांडता येतात.

उपस्थितीचा निकष : व्यक्ती उपासनेच्या जागी पोहोचू शकते काय? पायऱ्या, उपासनेची वेळ, भाषा आणि अंतर हे अडथळे बहुधा सभासदांच्या लक्षात येत नाहीत. सुरक्षारक्षक, परिचारिका आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांना रविवारी सकाळी सुटी असतेच असे नाही. 'एकमेकांसाठी थांबा' या सूचनेचा आजचा अर्थ येथे शोधावा लागेल.

सहभागाचा निकष : ती व्यक्ती केवळ घेणारी आहे की देणारीही आहे? वाचन, गायन, प्रार्थना, शिकवणे, हिशेब या कामांत तिला स्थान आहे काय?

निर्णयाचा निकष : समितीवर ती निवडून येते काय? तिच्याविषयीचे निर्णय तिच्या उपस्थितीत होतात काय?

अनुपस्थितीचा निकष : ती दोन आठवडे आली नाही तर कोणाच्या लक्षात येते काय? दुर्लक्षित सभासदाच्या बाबतीत हाच निकष सर्वांत निर्णायक आहे.

हे निकष ख्रिस्ती मंडळीपुरते मर्यादित नाहीत. महाविद्यालयाचा वर्ग, ग्रामसभा किंवा सहकारी संस्था यांनाही ते थोड्याफार फरकाने लागू पडतात. वर्गातील मागच्या बाकावरचा विद्यार्थी गैरहजर असल्याचे हजेरीपटावर दिसते; ते शिक्षकाच्या मनात नोंदले जाते किंवा नाही, हा प्रश्न मात्र वेगळा आहे.

निष्कर्ष

१) करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातील दुर्बल अवयवांच्या सन्मानाचा विचार हा एका विशिष्ट सामाजिक प्रसंगातून, म्हणजे पंगतीतील भेदातून पुढे आला. म्हणून त्याचा अर्थ आध्यात्मिक उपदेशापुरता सीमित करता येत नाही.

२) समाजाला शरीर मानणारी प्राचीन रूपके सामान्यतः उतरंडीचे समर्थन करण्यासाठी वापरली गेली. पौलाने तेच रूपक मानाच्या फेरवाटपासाठी वापरले.

३) यरुशलेममधील विधवांच्या प्रसंगावरून दुर्लक्षावरील उपाय हा अधिकाराच्या फेरमांडणीत असतो, हे दिसते.

४) भारतातील ख्रिस्ती मंडळीने जातिभेदाविरुद्ध वेळोवेळी स्पष्ट भूमिका घेतली; तथापि तिचे आचरण त्या भूमिकेइतके सुसंगत राहिले नाही. इतिहासलेखनातही ग्रामीण दलित सभासदांची उपेक्षा झाली आहे. चर्चच्या जुन्या नोंदवह्या व मौखिक परंपरा यांच्या आधारे ही उणीव भरून काढणे हे संशोधकांपुढील महत्त्वाचे कार्य आहे.

५) मुक्ती मिशनच्या उदाहरणावरून दुर्बल मानलेल्या व्यक्ती मंडळीच्या केवळ आश्रित नसून तिच्या घडणीतील कर्त्या घटक असू शकतात, हे सिद्ध होते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती समाजाची लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आत होती. स्वतः अल्पसंख्य असलेल्या समाजाला दुर्बल असण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. बाहेरच्या समाजाने आपली दखल घ्यावी, अशी त्याची अपेक्षा रास्त आहे. त्या अपेक्षेला नैतिक बळ यावयाचे असेल, तर आपल्याच मागच्या बाकावर कोण बसले आहे, हे मंडळीला ठाऊक असले पाहिजे.